बैजवारांच्या गाडीचा ब्रेक

बैजवार कधी कुणाला चटकन 'हो' म्हणत नाहीत. हॉटेलात वेटरनं 'चहा आणू का?' विचारलं, तरी ते आधी कप कुठे आणि कसे धुतात ते बघून येतात. त्यामुळे त्या दिवशी मेहुण्यानं गाडी मागितली आणि बैजवार 'ने की, त्यात काय' म्हणून मोकळे झाले, तेव्हा त्यांच्या बायकोनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून कोण बोललं ते पाहिलं. खुद्द बैजवारांनाही आपण काय बोलून बसलो ते कळायला जरा वेळ लागला. (जीभ काही त्यांच्या हाताखाली नोकरीला नाही, तिनं फाइल वर न पाठवताच मंजुरी देऊन टाकली.)

बैजवार हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ते वरिष्ठ कारकून आहेत. कागदाला टाचणी टोचायची तरी ते आधी टाचणीचं टोक उजेडात धरून बघतात, म्हणून तिथल्या लोकांनी हे नाव पाडलं आणि ते घरापर्यंत चालत आलं. घरी टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत असतो. सोफ्यावर कव्हर, कव्हरवर चादर, आणि कुणी येणार असलं की चादरीवर टॉवेल. त्या सोफ्याचा मूळ रंग कोणता, यावर नवराबायकोत अजून एकमत झालेलं नाही.

आणि गाडी म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. घेतली सेकंडहँड, पण ठेवली अशी की आधीच्या मालकानं एकदा रस्त्यात पाहून ओळखलीसुद्धा नाही. ती गाडी त्यांनी मेहुण्याला द्यायला कबूल केलं, त्याला कारण होते नाना. नाना म्हणजे बायकोचे वडील. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे राहायला आले होते आणि टॉवेल घातलेल्या सोफ्यावर बसून कुणाला तरी फोनवर सांगत होते, की आमचे जावईबापू म्हणजे मोठा दिलदार माणूस. तेवढ्यात दारातून मेहुणा आला आणि त्यानं गाडी मागितली. आता फोनवर ताजं ताजं मिळालेलं सर्टिफिकेट लगेच परत कसं करणार?

मेहुण्याला सगळे भिंगरी म्हणतात. तो एका जागी उभा असलेला कुणी पाहिला नाही. चहा पिता पिता तो खिडकी दुरुस्त करतो, खिडकी दुरुस्त करता करता फोनवर बोलतो, आणि मग चहा कुठे ठेवला ते सगळ्या घराला विचारतो. बैजवारांना त्याच्याकडे बघूनच दम लागायचा. पण बायकोचा तो एकुलता एक भाऊ, आई गेल्यावर तिनंच लहानाचा मोठा केलेला. त्याला नव्या खोलीत सामान हलवायचं होतं. सामान म्हणजे काय, तर दोन पेट्या, एक पंखा आणि स्वयंपाकाची चार भांडी.

शब्द दिला तो दिला, पण गाडी देण्याआधी बैजवारांनी तिची अशी तयारी केली की मुलगी सासरी पाठवतानाही कुणी करणार नाही. सीटच्या कव्हरांवर चादरी घातल्या, चादरींवर जुनी वर्तमानपत्रं पसरली. आरसा पुसून त्याला फडकं गुंडाळलं, मग फडकं असलेल्या आरशात मागचं दिसत नाही हे लक्षात आल्यावर हळहळत ते सोडलं. भिंगरीचे बूट कायम चिखलाचे, म्हणून दाराबाहेरचं काथ्याचं जाडजूड 'वेलकम' पायपुसणं उचलून ड्रायव्हरच्या पायाखाली अंथरलं. आणि मग फाटकाशी उभं राहून भिंगरीला सूचना दिल्या. जोरात दार लावायचं नाही, रेडिओला हात लावायचा नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, "आत बसताना पाय पुसून बसायचं. दोन्ही."

भिंगरीनं दोन्ही पाय पुसले आणि तो भुर्रकन निघून गेला. दिवसभर बैजवार ऑफिसात बसले होते, पण त्यांचं मन गाडीच्या मागच्या सीटवर बसून फिरत होतं. पाण्याची तक्रार घेऊन आलेल्या एका बाईंना त्यांनी 'ब्रेक कधीपासून बंद आहे?' असं विचारल्याचं शेजारचा शिपाई सांगतो. पण तो शिपाई काहीही सांगतो.

संध्याकाळी गाडी परत आली, आणि चक्क धुऊन पुसून, टाकी भरून आली. यामुळे तर बैजवारांचा संशय पक्काच झाला. इतकं चांगलं कुणी उगाच वागत नाही. त्यांनी गाडीभोवती फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं, हाताने चाचपून पाहिलं. ओरखडा नाही. मग आतली तपासणी झाली आणि तिथे मात्र गुन्ह्यांची रास सापडली. सीट मागे सरकवलेली, आरसा वाकडा, रेडिओवर भलतंच स्टेशन, वर्तमानपत्रं चुरगाळलेली, पायपुसणं डिकीत फेकलेलं, आणि मागच्या सीटवर भांड्याचं एक झाकण. "भावजी, गाडीचं एक सांगायचं होतं," भिंगरी किल्ली देताना म्हणाला, पण बैजवारांनी हात वर करून त्याला थांबवलं. "माझ्या गाडीचं तू मला सांगू नकोस," ते म्हणाले. भिंगरी हसला, झाकण काखेत मारून निघून गेला. बैजवारांनी पुटपुटत एकेक वस्तू पूर्ववत जागच्या जागी लावली, आणि त्यांचं काळीज शांत झालं.

दुसऱ्या दिवशी नानांचं ऑपरेशन होतं. ते सुरळीत पार पडलं. दुपारी डोळ्यावर पट्टी आणि पट्टीवर जाळीची वाटी लावून नाना बाहेर आले. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं, की उद्या पट्टी काढेपर्यंत खाली वाकायचं नाही, खोकायचं नाही, आणि धक्का तर अजिबात बसता कामा नये. नानांचा दुसरा डोळा केव्हाच निकामी झालेला. म्हणजे या डोळ्याचं काही झालं असतं, तर नानांना पुन्हा काहीच दिसलं नसतं. बायकोनं वडिलांना मागच्या सीटवर उशांमध्ये बसवलं, पट्टा लावला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "धक्का बसू देणार नाही," बैजवार म्हणाले. आणि त्या बाबतीत त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. त्यांच्या गाडीला सायकली ओव्हरटेक करतात.

बायको पुढे, त्यांच्या शेजारी बसली. तिची एक सवय बैजवारांच्या डोक्यात जायची. गाडी सुरू झाली की तिचा हात आपोआप दोघांच्या मधल्या हँडब्रेकवर जायचा आणि घर येईपर्यंत तिथेच असायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण गाडीत बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं होतं. "हात काढ तिथून," ते म्हणायचे. ती काढायची, आणि पहिलं वळण आलं की परत ठेवायची. त्या दिवशीही असंच झालं.

हॉस्पिटल चढावर होतं. तिथून रस्ता सरळ खाली चौकात उतरत होता. बैजवारांनी उतार सुरू होताच ब्रेकवर पाय ठेवला. गाडी थांबायला तयार नव्हती. त्यांनी जोर लावला. मग दातओठ खाऊन जोर लावला. ब्रेक लागेना. घाबरून त्यांनी दुसऱ्या पायानं क्लच दाबला, त्यामुळे इंजिन गाडीला जे काही थोडंफार धरून होतं तेही सुटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बैजवारांच्या गाडीनं एका सायकलला ओव्हरटेक केलं.

आता अशा वेळी माणसानं काय करावं? बैजवारांनी जे जे हाताला लागलं ते सगळं केलं. हॉर्न वाजवला. वायपर चालू केले. उजवा इंडिकेटर दिला. (वळायचं नव्हतं, पण काहीतरी देणं भाग होतं.) रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या एका गृहस्थांना वाटलं, ओळखीचं कुणीतरी आहे, म्हणून त्यांनी हात केला. बैजवारांनी त्यांनाही हात केला. चौक जवळ येत होता, तिथे एक बस आडवी चालली होती.  त्यांच्या तोंडून एवढेच शब्द फुटले, "अगं, ब्रेक गेला."

बायको ओरडली नाही. तिचा हात होता तिथेच होता. तिनं हँडब्रेक एकदम न ओढता हळूहळू वर घेतला, विहिरीतून भरलेली बादली वर घेतात तसा, आणि दुसऱ्या हातानं नवऱ्याच्या हातावरून स्टिअरिंग कडेच्या बाजूला वळवलं. चौकाच्या अलीकडे एका गादीवाल्याचं दुकान होतं. नव्या गाद्या त्यानं दुकानाबाहेर एकीला एक टेकवून उभ्या केल्या होत्या. गाडी कुरकुरत, रेंगाळत, आता थांबते की मग थांबते अशी करत गेली आणि तिनं गाद्यांच्या ढिगात अलगद तोंड खुपसलं. धक्का म्हणावा असा काही लागलाच नाही. मागून उशांतून नानांचा झोपेतला आवाज आला.

"पोचलो का, जावईबापू?"

 बैजवारांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ते रडले. अगदी लहान मुलासारखे रडले. बायकोनं आधी मागे वळून वडिलांची पट्टी तपासली आणि मग त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बैजवारांनी तो हात धरला, उचलला आणि परत हँडब्रेकवर ठेवून दिला. "हा इथून कधी काढू नकोस," ते म्हणाले.

गादीवाला तावातावानं बाहेर आला खरा, पण आतली पट्टी बांधलेली म्हातारी मूर्ती पाहून त्याचा राग कुठल्या कुठे गेला. त्यानं नानांना उतरवून दुकानातल्या सगळ्यांत मऊ गादीवर बसवलं, पाणी दिलं, बैजवारांनाही पाणी दिलं, आणि माझ्या गाद्यांवर इतक्या वेगानं कधीच कुणी पसंती दाखवली नव्हती म्हणाला. बैजवारांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. बस पुढे निघून गेल्याबद्दल त्यांनी चौकाकडे बघून हात जोडले. त्या एका तासात त्यांनी ज्या ज्या गोष्टींचे आभार मानले, त्यांत गादीतला कापूससुद्धा होता. तिथल्या तिथे त्यांनी एक गादी विकतही घेतली. जीव वाचवणाऱ्याचं काहीतरी आपल्या घरात असावं, अशी त्यांची भावना होती.

पण कृतज्ञतेनं मन भरलं की रागाला जागा उरत नाही असं जे म्हणतात, ते म्हणणाऱ्यांना मेहुणा नसावा. पाणी पिऊन घसा ओला झाल्याबरोबर बैजवारांना आदल्या दिवशीचं आठवलं. 'भावजी, गाडीचं एक सांगायचं होतं.' म्हणजे ब्रेक बिघडलाय हे त्याला ठाऊक होतं! म्हणूनच गाडी धुतली, म्हणूनच टाकी भरली! त्यांनी भिंगरीला फोन लावला. भिंगरी धावतच आला. त्यानं आधी नानांचे हातपाय चाचपले, मग बहिणीकडे पाहिलं. बैजवार रस्त्यात उभं राहून त्याला नाही नाही ते बोलले. बापाचा डोळा जाता जाता वाचला, म्हणाले. माझ्या घराची पायरी चढू नकोस, म्हणाले.

 पहिल्यांदाच भिंगरी एका जागी उभा होता. "माझ्याच हातून काहीतरी झालं असेल, भावजी," तो म्हणाला, आणि खाली मान घालून गेला. त्याची बहीण तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

गादीवाल्यानं आपल्या टेम्पोनं गाडी ओढून घरापर्यंत आणून दिली. पुढे टेम्पो, टेम्पोत गादी, गादीवर नाना, आणि मागे दोरीला बांधलेले बैजवार. घरी आल्यावर बायको म्हणाली, गॅरेजवाल्याला बोलावून आत्ताच दाखवून घेऊ. पण बैजवार सरकारी माणूस. त्यांनी कुणाला गाडीला हात लावू दिला नाही. उद्या भिंगरीला समोर उभं करून, गॅरेजवाल्याच्या साक्षीनं, रीतसर चौकशी होईल. तोवर सगळं जैसे थे राहील. त्यांनी एका कागदावर 'जैसे थे' असं ठळक लिहून काचेवर चिकटवलं आणि वरून गाडीला कव्हर घातलं.  बायकोनं फक्त एक वाक्य म्हटलं. "तुमची गाडी दुरुस्त होईल हो, माझा भाऊ परत यायचा नाही." बैजवारांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षानं नानांना नेऊन पट्टी काढून आणली. आणि नानांना दिसायला लागलं! इतकं लख्ख, की ते हॉस्पिटलपासून घरापर्यंतची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत आले. चष्म्याचं दुकान, दवाखाना, 'येथे गाड्या लावू नयेत'. मुलीचा चेहरा जवळ घेऊन म्हणाले, "तुझे केस पिकले की गं." त्यावर ती हसली आणि मग तिनं डोळ्याला पदर लावला. बैजवारांनी मनोमन डॉक्टरीणबाईंचे आभार मानले, पट्टीचे मानले, गादीचे तर परत एकदा मानले.

फाटकाशी भिंगरी आधीच येऊन उभा होता. पायरी चढू नकोस म्हटलं होतं, म्हणून पायरीच्या बाहेर. डोळे सुजलेले. नानांनी त्याला पाहिलं मात्र, "वाळलास रे" म्हणून त्याच्या गालावरून हात फिरवला. गॅरेजवाला यायला वेळ होता, पण बैजवारांना धीर नव्हता. त्यांनी कव्हर काढलं, ड्रायव्हरच्या बाजूचं दार सताड उघडलं आणि घसा खाकरला. सीटपासून सुरुवात करून त्यांनी आरोप वाचायला घेतले. भिंगरी मान खाली घालून ऐकत होता, बहीण त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती, आणि नाना आपल्या नव्या डोळ्यानं गाडीत डोकावून बघत होते.

"वे-ल-कम," नाना मोठ्यानं वाचते झाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. वाचायची हौस अजून फिटलेली नाही असं वाटून बैजवार पुढे बोलणार, तोच नानांनी बोट केलं. "ते हो, तिथे. त्या मधल्या पायडलाच्या खाली. वेल वर आहे आणि कम घडीत अडकलंय."

बैजवार वाकले. ब्रेकच्या खाली, उशी द्यावी तसं, दुमडून घट्ट बसलेलं काथ्याचं पायपुसणं होतं. त्यांनी जितका जोर लावला होता, तितका त्या पायपुसण्यानं इमानेइतबारे पेलला होता. ब्रेक जागच्या जागी ठणठणीत होता, फक्त त्याला खाली जायला वाटच नव्हती.

"हेच सांगणार होतो हो, भावजी," भिंगरी हळूच म्हणाला. "सारखं पुढे सरकत होतं. पायाखाली येईल म्हणून मी काढून डिकीत टाकलं. मला वाटलं, तुमच्या लक्षात आलं असेल."

आता काय उरलं होतं? गॅरेजवाला तेवढ्यात आला, त्यानं ब्रेक दाबून पाहिला, छान आहे म्हणाला, चहा पिऊन गेला. बैजवार गाडीला टेकून उभे राहिले. डिकीतलं पायपुसणं परवा आपणच परत तिथे अंथरलं, हे आणि कालचं एकेक वाक्य आठवून त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग ते पुढे झाले, आणि त्यांनी भिंगरीला छातीशी धरलं. "चुकलो रे," ते म्हणाले. "तू माझी गाडी सांभाळलीस, मी तुला भलतंसलतं बोललो. मला माफ कर." भिंगरीला एका जागी मिठीत उभं राहायची सवय नव्हती, तो चुळबुळला, पण सुटला मात्र नाही.  बायकोनं आत जाऊन सगळ्यांना चहा टाकला, आणि भावाच्या चहात नेहमीपेक्षा जास्त साखर घातली, यावरून बैजवारांनी प्रकरण निकाली निघालं असं मानलं.

चहा पिताना कळलं, की भिंगरी नव्या खोलीत जमिनीवर झोपतो. बैजवार उठले आणि कालची गादी दाराशी ओढत आणली. ही तुझी, म्हणाले. भिंगरीचा चेहरा फुलला, मग जरा चाचरत तो म्हणाला, की भावजी, गादी न्यायला गाडी लागेल.  बैजवारांनी खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. ना चादर, ना वर्तमानपत्र, ना सूचना. आणि पायपुसणंही देऊन टाकलं. माझ्या घरात पुन्हा नको, म्हणाले.

गादी टपावर बांधून सगळेच निघाले. भिंगरी चालवत होता, शेजारी बहीण, मागे नाना आणि बैजवार. बैजवार सबंध रस्ताभर समोर नसलेला ब्रेक पायानं दाबत होते, पण गप्प होते. भिंगरीची खोली म्हणजे चार भिंती, एक खिडकी आणि दोन पेट्या. त्यानं गादी आत नेऊन भिंतीला टेकवली, नानांना पेटीवर बसवलं, आणि पाहुणे पहिल्यांदाच आले म्हणून पायपुसणं झटकून उंबऱ्यात अंथरलं. मग वळून अगदी बैजवार थाटात म्हणाला, "भावजी, पाय पुसून या हं. दोन्ही."

बैजवारांनी आनंदानं पाय पुसले. आधी उजवा पुसला, मग डावा. वाकून बघितलं तर पायपुसणं थोडं तिरकं होतं. ते सरळ करावं म्हणून त्यांनी पायानंच जरासं सरकवलं, आणि ते सरकलं, आणि त्याच्याबरोबर बैजवारही सरकले, ते थेट खोली पार करून गादीत तोंड खुपसूनच थांबले.

पेटीवरून नाना शांतपणे म्हणाले, "पोचलात का, जावईबापू?"